आधी वेलांटी, मंग अक्षर

उकंडराव : म्हंजे पुसलं गेलं.

आशाबाई : पुसलं नाही मामाजी. फाईल हाय. उघडायली बी. फक्त आतमधी मराठी दिसंना, एबीसीडी दिसायली.

उकंडराव : मराठी कागदात एबीसीडी आली म्हंजे मराठी गेली. तुहं अन् माहं म्हणणं एकच हाये, बाई. तू जरा हळू आवाजात म्हणून राह्यली, एवढंच.

आशाबाई : सकाळी मी सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या. मग जुनं विंडोज काढलं, लिनक्स टाकलं, फायली परत जागच्या जागी ठेवल्या. ह्यांचे सातबारे नीट दिसायलेत. लग्नातले फोटो नीट हायत. फक्त तुमचीच एक फाईल अशी निघाली.

उकंडराव : लिनक्स. नाव तं खोकल्याच्या औषधाचं दिसते.

आशाबाई : आमच्या शाळेत हेच हाय, मामाजी. वामनराव सरांनी सीडी दिली. फुकट असतंय.

उकंडराव : तरीच.

(मोताळ्यातलं घर, एप्रिलमधली टळटळीत दुपार. कॉम्प्युटरपुढे आशाबाई. ही पिंपळगाव राजाच्या शाळेत शिकवते. माहेर देऊळगाव राजाकडचं, त्यामुळे लग्नाला सोळा वर्षं होऊनही तिची बोली या घरात पाहुणीसारखीच राहते. शेजारच्या खुर्चीत तिचे सासरे उकंडराव, तहसिलीतून निवृत्त झालेले टंकलेखक. काचबिंदूने त्यांच्याकडे उजेड आणि अंधार एवढ्या दोनच गोष्टी शिल्लक ठेवल्या आहेत; ऐट मात्र सगळी शाबूत आहे. वारलेल्या सासूला आशाबाई 'आत्याबाई' म्हणते. बाहेर अंगणात, मोठ्या गंजात म्हणजे पातेल्यात, बिबड्यांसाठी, ज्वारीच्या वाळवणी पापडांसाठी, ज्वारी भिजते आहे. आज तिचा तिसरा दिवस.)

उकंडराव : चांगलं चाललं होतं. बदललं काऊन?

आशाबाई : चांगलं कुठं चाललं होतं? सुरू केलं की चहा मांडायचा, प्यायचा, कप विसळून यायचं, तरी ते गोल फिरायलंच. काल रात्री बिबड्याची फाईल उघडली तर आर्ध्यातच सगळं थिजलं. आन् त्या विंडोजला कंपनी आता काही देणार नाही म्हणे. या महिन्यापासून बंद.

उकंडराव : म्हंजे रिटायर केलं.

आशाबाई : तसंच समजा.

उकंडराव : मलेही केलं होतं, अठ्ठावन्नाव्या वर्षी. माह्या डोक्यातलं काढून कोणी दुसरं नाही टाकलं.

आशाबाई : मामाजी, मी मुद्दाम केलं का? ती फाईल उघडावी म्हणूनच तर सगळा खटाटोप. आत्याबाई जाऊन दोन वर्षं झाली. दोन्ही उन्हाळे बिबड्या फाटल्या. मागच्या साली तर कापडावरून सुटल्या त्या तुकडे होऊनच. सगळ्या गल्लीनं पाहिलं. शेजारच्या शालूबाई म्हणल्या, मंजुळाची सून शिकलेली हाय पण. ते 'पण' मला आजून ऐकू येतंय. दोन साल तुमच्या आठवणीवरून केलं, म्हणलं यंदा आत्याबाईंनी सांगितलेलं समोर ठेवायचं आन् तसंच करायचं. आन् तेच माझ्या हातून गेलं.

उकंडराव : नकल काढून ठेवली होती का कागदावर?

आशाबाई : नाही.

उकंडराव : नकल पाह्यजे. कोणत्याही कागदाची एक नकल पाह्यजे. तीस वर्षं मी... जाऊ दे. थे काय तुहं काम नव्हतं, माहं होतं. वामनरावाले विचारलं?

आशाबाई : फोन केला. ते म्हणले, फायली घेतल्या पण फॉन्ट घेतला का? मी म्हणलं फॉन्ट काय? तर त्या जुन्या मराठीची अक्षरं आतून एबीसीडीच असतात म्हणे. वरून मराठीचं पातळ नेसवलेलं असतंय. ते पातळ जुन्या विंडोजसंग गेलं. मी फायली घेतल्या, अक्षरं घ्यायची राहिली.

उकंडराव : अक्षरं घ्याची राह्यली. बरं सांगितलं.

आशाबाई : ते सोमवारी आणून देतो म्हणले. नेटवरून बी भेटतंय, पण नेट कालपासून बंद हाय. आन् बायका उद्या सकाळी सातला यायच्यात.

उकंडराव : थांब. आतून एबीसीडी म्हणला ना तो?

आशाबाई : हो.

उकंडराव : कोणती एबीसीडी? मनात येईन ती, का कायदेशीर?

आशाबाई : म्हणजे?

उकंडराव : सगळ्यात वरची ओळ वाच. शब्द म्हणू नको, एकेक अक्षर सांग.

आशाबाई : ई. ए. टी. क्यू. जी. के.

उकंडराव : पुन्हा सांग. जी लहान का मोठा?

आशाबाई : मोठा जी.

उकंडराव : थो कीबोर्ड काढ, अन् दे माह्या मांडीवर. वायर काढून दे, नाहीतं तिकडं अजून काहीबाही उमटन... हां. हे एफ, हे जे. बोटं बसली. आता सांग.

आशाबाई : ई.

उकंडराव : वरच्या ओळीत, डाव्या हाताचं मधलं बोट. म.

आशाबाई : ए.

उकंडराव : करंगळी. टिंब. मं.

आशाबाई : टी.

उकंडराव : ज. क्यू म्हणली ना, थो पह्यला उकार. मोठा जी म्हंजे शिफ्ट दाबून, ळ. के म्हंजे काना.

आशाबाई : मं... जु... ळा.

उकंडराव : हाव.

आशाबाई : मामाजी, मंजुळा लिहिलंय हे.

उकंडराव : मीच लेहलं हाये. मले माहीत हाये काय लेहलं. गेलं नाही काही. तुह्या लिनक्सनं नुसतं पातळ फेडलं, माणूस तिथंच हाये. वाच पुढं.

आशाबाई : मोठा टी, ओ, के, जे, एच.

उकंडराव : अर्धा ज, व, काना, र, दुसरी वेलांटी. ज्वारी.

आशाबाई : आर, एच, यू.

उकंडराव : तीन.

आशाबाई : एफ, एन, ओ, एल.

उकंडराव : दिवस. पाह्य, एफ आधी आला का नाही? एफ म्हंजे पह्यली वेलांटी. आपण बोलतो आधी द, मंग इ. हातानं लेहतो तरी आधी द, मंग त्याची वेलांटी. पण मशीनवर आधी वेलांटी मारा लागते, मंग अक्षर. नवीन पोट्टे क्लासले येत, त्यायची पह्यली चूक हेच राहे. सहा महिने जात हे जाता जाता. माही कधी झाली नाही.

आशाबाई : कधीच नाही?

उकंडराव : तीस वर्षांत नाही. तीन तहसीलदार सांगून गेले तसं. वाच.

आशाबाई : मग पुढं... एफ, मोठा एच, के, टी, आर. भिजत. हे मला बी यायलंय मामाजी आता.

उकंडराव : बाईले लवकर येते. पुढचं मीच म्हणतो, तू अक्षरं मिळवून पाह्य. 'ज्वारी तीन दिवस भिजत घालावी. दररोज पाणी बदलण्यात यावे. तदनंतर सावलीत सुकवून दळून घ्यावी.'

आशाबाई : बदलण्यात यावे?

उकंडराव : हाव.

आशाबाई : तदनंतर?

उकंडराव : काऊन? चूक हाये काय काही?

आशाबाई : चूक नाही. पण आत्याबाई कधी तदनंतर म्हणल्या असतील असं वाटंना.

उकंडराव : थे काय म्हणे थे वेगळं. लेखी असंच राह्यते. साहेब काय सगळे शुद्ध सांगत काय? एक साहेब तं अर्धं बोलून चहा प्याले जात. आपण समजून घ्याचं, नीट करून टाइप कराचं, सहीले ठेवाचं. रिटायर झाल्यावर मले बसवे नाही. दुपारी कॉम्प्युटरपुढं बसो, तिले म्हणो, सांग तुह्या बिबड्या, सांग तुहे मांडे. थे तिकडं गहू निवडता निवडता सांगे, मी इकडं मारो. मंग वाचून दाखवो.

आशाबाई : मग?

उकंडराव : मंग हासे. म्हणे, हे कोण बाई बोलून राह्यली? कलेक्टरची बायको का? मी म्हणो, तुले नाही समजत, हा मसुदा हाये.

आशाबाई : पुढची ओळ घ्या मामाजी. ई, वाय, के.

उकंडराव : मला. 'मला पहाटेचे पीठ योग्य वाटते.'

आशाबाई : मला?

उकंडराव : मला.

आशाबाई : आत्याबाई मला म्हणत होत्या? जन्मभर मले म्हणल्या त्या. मी मला म्हणते म्हणून मला हासायच्या. शेजारी सांगायच्या, माही सून फौजदारावानी बोलते, घरात भेव लागते.

उकंडराव : म्हणून तं सुधारून घेतलं. कागदावर मले बरं दिसत नाही.

आशाबाई : म्हणजे ह्या सगळ्या फायलीत त्या माझ्यासारख्या बोलायल्यात.

उकंडराव : तुह्यासारखी नाही. पुस्तकासारखी.

शालूबाई : आशा, वो आशा. हाये का घरात? गंजाजवळ कोणीच नाही. ज्वारी काढाची का राहू द्याची? तिसरा दिवस भरला. गिरणीवाला म्हणते आजच आणा, मंग लाइट जाईन.

आशाबाई : या ना शालूबाई. फाईल वाचायलोत. तीनच दिवस लिहिलंय.

शालूबाई : वाचा बाप्पा. भाऊजी, तुमी मांडीवर काय घेऊन बसले हे? पेटी वाजवून राह्यले काय?

उकंडराव : तुमच्या मैत्रिणीचा मसुदा वाचून राह्यलो.

शालूबाई : तिले मसुदा लागे काय? गंजाजवळ गेली की तिले समजे. अन् वो, हे वाटीत काय हाये? चमकून राह्यलं.

आशाबाई : ते काल कीबोर्ड धुतला तर बटनांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या निघाल्या. एवढ्या एवढ्याशा. ब्लेडनं खरवडल्या. मामाजींच्या असतील म्हणून फेकल्या नाहीत.

उकंडराव : माह्या? मले कायले चिठ्ठ्या लागतात? मी काय शिकाऊ हावो? पोट्ट्यायनं खेळता खेळता चिकटवल्या असतीन.

शालूबाई : पोट्ट्यायनं नाही. हे अक्षरं मी ओळखतो. हे पाह्य, सोन्यावानी म, लाल व. माह्या रुक्मीच्या लग्नाच्या पत्रिकेतले हायेत. बाकीच्या पत्रिका साध्या होत्या, आमचीच सोनेरी होती. मंजुळानं पाच पत्रिका मांगून नेल्या होत्या उरलेल्या. मी म्हणलं, आता लग्न होऊन गेलं, कोणाले वाटत? म्हणे, तुले काय कराचं? पाच नाही तं चार दे.

उकंडराव : कधी?

शालूबाई : आता काय आठवते? तुमी अकोल्याले होते डोळ्यासाठी. तुमचा पोरगा पंजाब बी तुमच्यासंग होता. आशा शाळेत जाये. थे घरी एकटीच होती. मी आली की दार लावून घे अन् म्हणे, काम चालू हाये.

आशाबाई : मामाजी, फाईल शेवटची कधी बदलली ते इथं कळतंय. थांबा. अकरा नोव्हेंबर, दोन हजार अकरा. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं.

उकंडराव : अकरा नोव्हेंबरले माह्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती.

शालूबाई : मंग?

उकंडराव : मंग काही नाही. आशा, फाईलच्या शेवटी जाय. शेवटी माहं नाव असन. 'टंकलेखक' अन् माहं पूर्ण नाव.

आशाबाई : हाय. त्याच्या खाली मोकळ्या ओळी हायत. पाच... सहा... आन् त्याच्या बी खाली एक ओळ हाय.

उकंडराव : नावाच्या खाली काही लेहाची पद्धत नाही.

आशाबाई : हाय पण.

उकंडराव : वाच.

आशाबाई : एन, एफ, ओ, एल.

उकंडराव : एफ, एन. नीट पाह्य.

आशाबाई : नीटच पाहायले. एन आधी, एफ नंतर.

उकंडराव : आधी द अन् मंग वेलांटी?

आशाबाई : तसंच लिहिलंय.

उकंडराव : हे माहं नाही. हे मी मारलंच नाही. ह्या जन्मात मी एनच्या नंतर एफ मारणार नाही.

शालूबाई : काय झालं, वो?

आशाबाई : दिवस लिहिलंय शालूबाई, पण वेलांटी चुकीच्या जागी हाय. जसं आपण बोलताना आधी द म्हणतो, तसं. ज्याला टायपिंग येत नाही त्यानं लिहिलंय. एकेक बटन शोधून.

शालूबाई : चिठ्ठ्या पाहून.

आशाबाई : हो.

शालूबाई : चौथी पास होती थे. मी तिसरीतूनच पळाली. मले म्हणे, शालू, मले यायपेक्षा जास्त याले पाह्यजे.

उकंडराव : पुढं वाच.

आशाबाई : यू, के, जी, एच.

उकंडराव : नाही.

आशाबाई : काय नाही?

उकंडराव : शब्द हाये थो. नाही. दिवस नाही.

आशाबाई : ओ, के, एल.

उकंडराव : वास.

आशाबाई : दिवस नाही, वास.

शालूबाई : हेच तं. हेच म्हणे थे. दिवस काय मोजता, नाकाले इचारा. कधी तीन दिवसात होये, कधी पाच लागे. थंडी असली, ढग असले तं सहावा दिवस बी उजाडे. आंबूस वास सुटला की मंग काढाची. मले वाटलं तुमच्या कागदात काही दुसरं असन. शिकलेल्याचं वेगळं असते म्हणून मी चूप राह्यली दोन साल.

आशाबाई : दोन साल आपण तिसऱ्या दिवशीच काढायलोत.

शालूबाई : हाव. भाऊजी म्हणत, कागदात तीनच हाये, म्हणून.

उकंडराव : तिनं मले वास सांगितला होता. आठवून राह्यलं. म्हणे, नाकाले आंबूस लागलं की समजाचं. मी म्हणलो, हे कसं लेहू? कागदाले नाक नाही. किती दिवस, थे सांग. थे म्हणे, धरा तीन. मी धरले.

शालूबाई : मी गंजाजवळ जाऊन येतो. आता वास घेऊनच सांगतो. गिरणीवाल्याले बसू दे लाइटीची वाट पाहत.

आशाबाई : मामाजी.

उकंडराव : हं.

आशाबाई : आजून दोन शब्द हायत.

उकंडराव : सांग.

आशाबाई : ई, वाय.

उकंडराव : म, ल. अन् के. काना.

आशाबाई : के नाही.

उकंडराव : मंग?

आशाबाई : एस.

उकंडराव : एस. डाव्या हाताचं तिसरं बोट. मात्रा.

आशाबाई : हो.

उकंडराव : केपासून पार दुसऱ्या हाताले हाये थो. चुकून लागत नाही.

आशाबाई : नाही. चुकून नाही लागत.

उकंडराव : दुसरा?

आशाबाई : बी, पी, के, जे, के.

उकंडराव : इ, च, काना, र, काना.

आशाबाई : सगळी ओळ म्हणू का?

उकंडराव : नको. समजली मले. थे सहा महिने होती त्याच्यानंतर. मी अकोल्याहून आलो, पण ह्या खुर्चीत बसलोच नाही. म्हणलं, डोळे नाही तं मशीन कायले. पोराले म्हणलो, वर पडदा टाकून ठेव. थे दोन-तीन डाव म्हणे, बसा ना जरा, आशाले वाचाले लावा, कसं लेहलं थे पाहू. मी म्हणलो, आता काय पाह्याचं हाये त्यात? बरोबरच लेहलं हाये.

आशाबाई : आत्याबाई मला बी म्हणल्या होत्या एकदा. शाळा सुटून आले होते, दमले होते. म्हणलं रविवारी पाहू.

उकंडराव : तुह्यावर नाही येत हे. मसुदा माहा होता. लोकायची कैफियत जशीच्या तशी घ्या लागते, आशा, त्यात एक शब्द फिरवता येत नाही. बाईनं म्हणलं, मले मारलं, तं मले मारलं असंच टाइप होते. कायदा हाये. मी तीस वर्षं पाळला थो. घरात नाही पाळला. मले वाईट वाटून राह्यलं.

आशाबाई : पाणी देऊ?

उकंडराव : नको.

शालूबाई : नाही वो आशा, नाही आला. पार नाक बुडवून पाह्यलं. नुसती ओली ज्वारी हाये. उद्या तं नाहीच होत. परवा पाहू, नाहीतं तेरवा. मी जाऊन बायायले सांगतो, सातले येऊ नका म्हणा. अजून काही लेहलं हाये काय तिनं?

आशाबाई : मामाजी?

उकंडराव : सांग तिले. तूच सांग.

आशाबाई : मले इचारा.

शालूबाई : ...हाव. तशीच म्हणे थे. कमरेले हात लावून. अन् वो आशा, तुह्या तोंडून मले बरं लागते ऐकाले. जातो मी, गंज झाकून जातो. मांजर हिंडून राह्यली.

उकंडराव : आशा, त्या कागदात मला किती जागी हाये?

आशाबाई : मोजायची गरज नाही मामाजी. इथं सोय हाय. जिथं जिथं ई-वाय-के असंल तिथं ई-वाय-एस कर म्हणलं की एका झटक्यात सगळं बदलतंय.

उकंडराव : सगळं?

आशाबाई : सगळं.

उकंडराव : 'कमलाबाईच्या खाटेवर ओले कापड अंथरावे' असं एक वाक्य हाये खाली. त्या कमलाबाईचं काय होईन?

आशाबाई : क... मले... कमलेबाई.

उकंडराव : अन् 'हात जमला की पापड पातळ येतो.'

आशाबाई : हात जमले की. नाही, मग नको.

उकंडराव : झटक्यात करू नको. झटक्यातच झालं थे. कीबोर्डची वायर लाव, अन् राहू दे माह्याच मांडीवर. तू जागा दाखव, मारतो मी.

आशाबाई : लावली. थांबा, वर जाते. हं, हे पहिलंच. कर्सर केच्या पुढं आणून ठेवलाय. एकदा पुसा.

उकंडराव : पुसलं. एस मारला. उमटला काय?

आशाबाई : उमटला.

उकंडराव : ती आखरीची ओळ तशीच राहू दे. वेलांटी बी तिथंच. तिले कोणी हात लावाचा नाही.

आशाबाई : नाही लावत.

उकंडराव : आता हे वाक्य वाच.

आशाबाई : 'मले पहाटेचे पीठ योग्य वाटते.'

उकंडराव : हं.

आशाबाई : मामाजी, हे 'योग्य वाटते' आत्याबाईंचं हाय का तुमचं?

उकंडराव : माहं.

आशाबाई : मग त्या काय म्हणल्या होत्या तिथं?

उकंडराव : आठवत नाही बाई. शालूबाई फाटकापर्यंतच गेली असन. आवाज दे तिले. इचारू.